सायकलीला भिंत, कापसाला फाटक



जिल्हा मेळाव्याच्या तयारीसाठी गावोगाव बैठका झाल्या. कंधार तालुक्यातल्या एका गावी आमच्यापुढे एक कागद आला. तो कापसाच्या पट्टीचा नव्हता, बँकेच्या नोटिशीचा नव्हता. सायकलच्या सुट्या भागांवर भरलेल्या आयातकराचा होता. बैठकीत हशा पिकला. कोरडवाहू गावच्या बैठकीत परदेशी सायकलचे काय काम? पण कागद वाचून होईपर्यंत हसणे थांबले होते.

गोष्ट सायकल कोळप्याची. ते काय असते हे तुम्हाला सांगायला नको. भंगारातले सायकलचे चाक, त्याचा चिमटा, मागे लोखंडी फास, वर हँडल. गावचा वेल्डिंगवाला दोन तासांत जोडून देतो. बैलजोडी सांभाळणे ज्याला जमत नाही, भाड्याचे बैल ज्याच्या वाट्याला वाफसा उडून गेल्यावर येतात, त्याचे पीक आज या एका चाकावर उभे आहे. घरधन्याच्या माघारी दोन एकर एकटीने करणाऱ्या कितीतरी बाया हे चाक ढकलत कपाशीच्या आणि ज्वारीच्या ओळी काढतात. आम्ही शेतीकॉलेजात शिकलो तेव्हा अवजारांच्या पुस्तकात सायकल कोळपे नव्हते. ते विद्यापीठाने शेतकऱ्याला दिले नाही, शेतकऱ्याने भंगाराच्या ढिगातून काढले.

त्याची एक खोड आहे. काळ्या मातीची बारीक धूळ चाकाच्या आसात शिरते. छर्रे आणि कोन झिजतात, चाक डुगडुगते, फास ओळ सोडून पिकात जातो. ऐन कोळपणीच्या आठवड्यात चाक खोलून बसावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या गावच्या पोरांनी शोध घेतला. तैवानमध्ये बंद बेअरिंगचा हब मिळतो, त्यात धूळ शिरत नाही. तालुक्याच्या बाजारात तसा मिळेना. नांदेडच्या एका दुकानदाराकडे आयातीचा परवाना क्रमांक होता, त्याच्यामार्फत चार हब मागवले. हबांची किंमत चार हजार रुपये. भाडे आणि विमा अकराशे.

आता कागद बघा. कस्टमच्या हिशेबात मालाची किंमत म्हणजे नुसती मालाची किंमत नसते. भाडे आणि विमा धरून जी होते ती किंमत. म्हणजे ५,१०० रुपये. भाड्यावरही कर. त्यावर २० टक्के मूळ आयातकर, १,०२० रुपये. त्या कराच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, १०२ रुपये. म्हणजे करावर कर. झाले ६,२२२. या सगळ्या बेरजेवर पुन्हा १२ टक्के जीएसटी, ७४७ रुपये. म्हणजे कराच्या करावर कर. एकंदर १,८६९ रुपये. शंभर रुपयांच्या मालावर साडेछत्तीसच्या वर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. ते बरे झाले, आम्ही त्याला बरेच म्हणू. तरी त्या २० टक्क्यांच्या दराने आज हिशेब मांडला तर शंभरावर अठ्ठावीस उरतातच. दुकानदाराला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते. कारखानदाराला मिळते. शेतकऱ्याला मिळत नाही, कारण त्याच्या मालावर तो जीएसटी लावत नाही, मग वजा कशातून करणार? साखळीत शेवटी उभा असतो तो, आणि सगळ्यांचा कर त्याच्या खिशात येऊन थांबतो.

एक म्हातारे गृहस्थ कोपऱ्यात बसले होते. त्यांनी विचारले, "हे पैसे गेले कुठं, साहेब?" (शेतीची पदवी घेतली तेव्हा चिकटलेले हे 'साहेब' पंचवीस वर्षे झाली तरी सुटत नाही.) पैसे सरकारच्या तिजोरीत गेले, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे मोठे आहे. ते बैठकीत सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो.

करोडगिरीचा नाका

मराठवाड्याच्या माणसाला आयातकर म्हणजे काय ते मुंबईकराने शिकवायला नको. आपण त्याच्याआधी शिकलो आहोत. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि त्या राज्याची स्वतःची जकात होती. तिचे नाव करोडगिरी. इंग्रजी मुलखातून आत येणाऱ्या मालावर कर आणि आपल्या मुलखातून बाहेर जाणाऱ्या मालावरही कर, साधारण शेकडा पाच.

त्या काळी सायकल विलायतेहून येई. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस. मुंबई बंदरात ती उतरली की तिथे इंग्रज सरकारचा कर. मग कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी, जी १९११ साली लातूरला पोहोचली. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचे. मध्ये सरहद्द, सरहद्दीवर नाका, नाक्यावर पुन्हा कर. नांदेडकडे मनमाड-हैदराबाद रेल्वे होती, तिकडेही तीच तऱ्हा. गावात सायकल असलीच तर ती सावकाराची, वकिलाची किंवा अंमलदाराची. कुणब्याच्या घरात ती का नव्हती याचे एक कारण त्याचे दारिद्र्य, आणि दुसरे कारण हे दोन नाके.

पण त्याच बार्शीच्या गाडीतून उलट दिशेने काय जाई? आपला कापूस. त्यावरही करोडगिरी. आपण जे घेतो त्यावर कर आणि आपण जे विकतो त्यावरही कर, असा दुहेरी फास त्या नाक्यावर होता. मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या छावण्यांतून आलेल्या पोरांनी करोडगिरीचे नाके जाळले ते उगाच नाही. पोलीस ठाण्याच्या बरोबरीने जकातनाका हा जुलमाचा पत्ता होता, हे आपल्या आजोबांना कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळले होते.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. काही वर्षांत करोडगिरी गेली. नाका मात्र गेला नाही, तो दिल्लीला हलला.

साठ वर्षांचे बाळ

स्वातंत्र्यानंतर ठरले की सायकल आपल्या देशात बनली पाहिजे. यात चूक काही नव्हती. मुंबईत वरळीला हिंद सायकल आधीपासून होती. मद्रासला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अॅटलास, लुधियानाला एव्हन आणि १९५६ साली हीरो असे कारखाने उभे राहिले. धंदा बाळ आहे, त्याला विलायती थंडी बाधेल, म्हणून त्याच्याभोवती भिंत बांधा, अशी मागणी झाली. टॅरिफ कमिशनने चौकशा केल्या आणि भिंत बांधली गेली. आयातीला परवाना लागू लागला आणि वर कर. बाळ मोठे झाले की भिंत काढू, असे सांगितले होते.

बाळ मोठे झाले. १९८६ साली लुधियानाच्या हीरोची जगातला सर्वांत मोठा सायकल कारखाना म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. एव्हाना भिंत पडायला हवी होती. पडली नाही. ग्राहकोपयोगी मालावरची परवान्याची शेवटची बंधने उठली १ एप्रिल २००१ ला, आणि तीही आपल्या सरकारला सुबुद्धी झाली म्हणून नव्हे, जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेशी खटला हरलो म्हणून. पुढे कारखानी मालावरचा सर्वोच्च आयातकर उतरत उतरत २००७ साली १० टक्क्यांवर आला. सायकल आणि तिचे भाग त्यात आले.

पाच वर्षे. स्वतंत्र भारतात सायकलवरचा कर सौम्य राहिला तो जेमतेम पाच वर्षे.

१६ मार्च २०१२ च्या अंदाजपत्रकात तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी सायकलवरचा आयातकर १० चा ३० टक्के केला आणि सुट्या भागांवरचा १० चा २० टक्के. बाहेरच्या, मुख्यतः चिनी, मालापासून इथल्या धंद्याला वाचवायचे असे कारण होते. बाळ तेव्हा साठीला आले होते आणि अजून रडत होते. २०२३ च्या अंदाजपत्रकात अख्ख्या सायकलवरचा ३० चा ३५ केला. सरकारे बदलली, पक्ष बदलले, भिंत एक वीट वर गेली.

आता म्हाताऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाचे दुसरे अर्धे उत्तर. आयातकर फक्त बाहेरून आलेल्या मालावर लागतो, पण त्याची किंमत फक्त बाहेरचा माल घेणाराच मोजत नाही. बाहेरचा हब कर धरून एकशे अठ्ठावीसला पडत असेल, तर इथला कारखानदार शंभरात का देईल? तो एकशे वीसला देईल आणि स्वस्त दिला म्हणून मिरवेल. सरकारला पैसे मिळतात ते आयात झालेल्या चार हबांवर. कारखानदाराला मिळू शकतात ते इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हबावर. हा दुसरा कर कुठल्याही पावतीवर छापला जात नाही.

इथे खरे बोलले पाहिजे. साध्या काळ्या सायकलीच्या बाबतीत हे पूर्ण लागू नाही. तिथे लुधियानाचेच कारखाने एकमेकांशी झटतात आणि भाव दाबून राहतो. भिंतीचा मार बसतो तो जिथे इथला माल कमी आहे किंवा हलका आहे तिथे. गिअर, बंद बेअरिंग, हलकी आणि न गंजणारी रिम. साध्या सायकलीतून पुढच्या सायकलीकडे जाण्याची वाट या भिंतीने अडवली आहे. तीच चेन, तोच छर्रा, तोच कोन आपण आजोबांपासून घासतो आहोत.

अकरा दिवसांचा मार्च

आता जरा त्याच मार्च २०१२ कडे परत या, कारण या लेखाचे मूळ तिथे आहे.

अंदाजपत्रकाच्या अकरा दिवस आधी, ५ मार्च २०१२ ला, त्याच दिल्लीने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. बाहेर कापसाला गिऱ्हाईक होते, तेव्हा बंदरावर कुलूप. इथल्या गिरण्यांना कापूस कमी पडू नये म्हणून. एवढा गदारोळ झाला की खुद्द तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी, शरद पवारांनी, आपल्याला विचारले नाही म्हणून जाहीर तक्रार केली. आठवड्याभरात सरकारला माघार घ्यावी लागली. पण बाजारात एकदा धसका बसला की भाव दिल्लीच्या माघारीबरोबर परत येत नाही.

५ मार्चला कापूस बाहेर जायला बंदी. १६ मार्चला सायकल आत यायला तिप्पट कर. एकच सरकार, एकच महिना. कारखानदाराचा माल बाहेरच्या स्पर्धेत टिकत नाही, तर शेतकऱ्याने जास्त पैसे देऊन त्याला जगवायचे. शेतकऱ्याचा माल बाहेरच्या बाजारात चढ्या भावाने विकतो, तर त्याने तो तिथे विकायचा नाही. घेताना भिंत, विकताना कुलूप. निजामाचे नाके दोन्हीकडून सारखे पाच टक्के घेत. हिशेब तरी सरळ होता.

ही काही २०१२ ची एकटी चूक नव्हे. एप्रिल २०१० मध्ये कच्च्या कापसाच्या निर्यातीवर टनामागे अडीच हजार रुपये कर बसवला आणि त्याच महिन्यात निर्यातीची नोंदणीही थांबवली. त्याच्याही मागे जा. २००१ पर्यंत कापसाची निर्यात कोट्याने होत असे. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी होती, म्हणजे किनवट, भोकर, धर्माबादच्या शेतकऱ्याने डोळ्यांसमोरच्या आदिलाबाद, निजामाबादच्या बाजारात आपला कापूस नेला तर तो गुन्हा. देशाच्या आत, एकाच भारतात, राज्याच्या सरहद्दीवर शेतकऱ्याच्या गाडीला पोलीस आडवा. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ते नाके आठवत असतील. आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसे रात्री कापसाची गाडी काढताना बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडून ठेवत, ते आम्ही पाहिले आहे. आपल्या शेतातला माल आपणच चोरून नेत होतो.

मुखेडचा पूर आणि दिल्लीचे फाटक

आता अलीकडचे. फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात कापसावर आयातकर बसला. ५ टक्के मूळ कर, ५ टक्के शेती पायाभूत सुविधा व विकास उपकर आणि अधिभार मिळून ११ टक्के. शेतकऱ्याच्या नावाने बसवलेला कर म्हणून त्याचे कौतुक झाले. चौदा महिने टिकला. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि १४ एप्रिल २०२२ पासून कर माफ. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे नव्या वेचणीचा माल बाजारात येईपर्यंत फाटक उघडे.

२०२५ मध्ये तर कहर झाला. मे महिन्याच्या अखेरीस सरकारने हमीभाव जाहीर केला, मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. त्यावर आणि ११ टक्के करावर भरवसा ठेवून आपण जूनमध्ये सरकी लावली. १८ ऑगस्टला मुखेड तालुक्यात ढग फुटले. रावणगाव, हसनाळ पाण्यात गेली, माणसे दगावली, जनावरे दावणीला बुडाली. लष्कर बोलवावे लागले. त्याच दिवशी, तारीख तीच, १८ ऑगस्ट २०२५, दिल्लीत अधिसूचना निघाली. उद्यापासून कापसावरचा आयातकर शून्य. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत. दहा दिवसांनी मुदत वाढवली, ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली पहिली, दुसरी आणि बहुतेकांची तिसरी वेचणी बाजारात येण्याचे सगळे दिवस. कापूस महामंडळाने स्वतःच्या गोदामातल्या गाठींचा विक्रीभाव लगोलग खाली आणला. महामंडळच उतरले तर जिनिंगवाला वर का राहील?

कारण दिले गेले अमेरिकेचे. ऑगस्ट २०२५ अखेर अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कपड्यांचे कारखाने अडचणीत आले. ते अडचणीत आले हे खरे. पण अडचण अमेरिकेने आणली, बिल बोंडाला का? त्या आठवड्यात कोणी म्हणाले का, की संकट मोठे आहे तर सायकलच्या भागांवरचा कर काही महिने उठवू, तेवढाच शेतकऱ्याला हातभार?

लातूरकडच्या भावांना वाटेल हे कापूसवाल्यांचे रडगाणे आहे. तसे नाही. तुरीची आयात मे २०२१ पासून मोकळी केली आणि मुदतवाढीवर मुदतवाढ दिली. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचा मूळ कर २० चा १० केला, सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर. ज्वारीचे दुखणे वेगळे. तिला आयातीचा धाक नाही, कारण तिच्या गिऱ्हाईकाच्या पुढ्यातच रेशनचा गहू-तांदूळ ठेवला आहे. आधी दोन-तीन रुपयांनी आणि जानेवारी २०२३ पासून फुकट. गरिबाला धान्य मिळू नये असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण परभणी मोतीची पांढरीशुभ्र ज्वारी पिकवून कडब्याच्या भावावर जगणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब कोणी तरी समजावून द्यावा.

तीन आक्षेप

हे बोललो की शहरातले मित्र पहिला प्रश्न विचारतात, लुधियानाच्या मजुराचे काय? प्रश्न रास्त आहे. तिथे छोट्या शेडमध्ये चेन, पायडल, छर्रे बनवणारे हजारो हात आहेत आणि ते आपल्याच जातीचे, म्हणजे घाम गाळणाऱ्या जातीचे आहेत. पण त्यांना भिंतीने वाचवले का? सेन-रॅले भिंतीच्या आडच आजारी पडली, सरकारने ताब्यात घेतली, तरी वाचली नाही. अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता आणि आयातकर ३० टक्के होता. शिवाय लुधियानाच्या शेडवाल्याच्या दारातही भिंत आहेच, ती पोलादाची. एप्रिल २०२५ मध्ये पोलादी पत्र्यावर १२ टक्के संरक्षक कर बसला. म्हणजे मोठ्या पोलादवाल्यासाठी छोट्या पार्टवाल्याने महाग पत्रा घ्यायचा, त्या पार्टवाल्यासाठी आपण महाग सायकल घ्यायची. या रांगेत शेवटच्या माणसामागे कोणी उभे नाही. आपण कोणाकडून वसूल करणार?

दुसरा आक्षेप गिरण्यांचा. स्वस्त कापूस मिळाला नाही तर गिरण्या बंद पडतील. नांदेडकरांनी या वाक्यावर हसावे की रडावे? उस्मानशाही मिलचा भोंगा आपल्या मागच्या पिढीने ऐकला. कापसाच्या निर्यातीला कोटा होता, सगळा कापूस गिरण्यांच्या दारात ओतला जात होता, त्याच काळात ती मिल आजारी पडली. पुढे सरकारने घेतली आणि तीही बंद झाली. स्वस्त कापसाने गिरणी जगत असती तर नांदेडच्या मिलला मरण यायला नको होते.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच आहे आणि तो आम्हाला सर्वांत अवघड वाटतो. पुष्कळ कार्यकर्ते म्हणतात, सायकलचे सोडा, त्यांना भिंत आहे तर आपल्यालाही द्या. कापसावर ११ नव्हे, ३५ टक्के मागा. हाताशी तेवढेच दिसते तेव्हा ही मागणी गोड वाटते. आमचेही मन २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिकडे गेले होते. पण भिंतीची किल्ली कोणाच्या हातात असते ते बघा. कारखानदाराची भिंत २०१२ ला चढली ती चढलीच. आपली २०२१ ला उभी राहिली आणि भाव वर गेला त्या दिवशी पडली. भाव पडलेला असतो तेव्हा ती उभी असते, म्हणजे तिचा उपयोग नसतो तेव्हा. ११ च्या जागी ३५ लिहून घेतले तरी अधिसूचना एका रात्रीची. ज्या भिंतीला सरकारला वाटेल तेव्हा फाटक पडते ती मागण्यात आमचा जीव रमत नाही. दुसरे असे की आपण कापसाला भिंत मागितली की सायकलवाल्याच्या, पोलादवाल्याच्या, खतवाल्याच्या भिंतीवर बोट ठेवायचा आपला हक्क गेला. आणि आपण विकतो दोन-तीन वस्तू, विकत घेतो पन्नास. पन्नास भिंतींच्या बदल्यात दोन भिंती, हा सौदा बैलबाजारातला कच्चा माणूससुद्धा करणार नाही.

आणि जे म्हणतात, सायकलच्या भागावर शे-दोनशेचा कर, एवढे काय, त्यांनी मुलींच्या सायकलींकडे बघावे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकलसाठी अनुदान मिळते. चांगली योजना आहे. वाडी-तांड्यावरच्या पोरी त्या सायकलीने शाळेत जातात, आम्ही रोज बघतो. पण शाळेच्या रस्त्यावर दुसऱ्या पावसाळ्यात त्याच पोरी सायकल हातात धरून चालताना दिसतात. फ्रीव्हील गेलेले असते, नाहीतर रिम वाकलेली. राज्य सरकार सायकल देते आणि केंद्र सरकार चांगल्या सुट्या भागावर कर लावते. अनुदान एकदाच मिळते, फ्रीव्हील दर वर्षी जाते.

मेळाव्यात काय मांडायचे

आमची मागणी दोन ओळींची आहे. सायकलचे सुटे भाग, बेअरिंग आणि हाताने चालणाऱ्या शेती अवजाराला लागणारे सगळे भाग यांच्यावरचा आयातकर शून्य करा. आणि शेतमालाच्या आयात-निर्यातीचा जो काही नियम करायचा तो पेरणीआधी, ३१ मेपर्यंत जाहीर करा, शेवटची वेचणी आणि रास संपेपर्यंत त्याला हात लावू नका. कर ठेवला तर ठेवला, नाही तर नाही. आम्ही सरकी लावू की ज्वारी, ते बघून ठरवू. वायदा आमच्याशी मेमध्ये करायचा आणि ऑगस्टमध्ये मोडायचा, हे चालणार नाही.

पहिल्या मागणीवर लातूरच्या काही मंडळींचा विरोध आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी मेळाव्यात तो उभे राहून मांडावा. ठराव टाळ्यांनी नव्हे, हात मोजून होईल.

नांदेड आणि लातूर दोन्ही मेळाव्यांना येताना दोन कागद आणा. २०२५ च्या हंगामातली कापसाची, तुरीची किंवा सोयाबीनची पट्टी, आणि सायकलचा किंवा सायकल कोळप्याचा कोणताही भाग घेतल्याचे बिल, असेल ते. बिल दुकानदाराने दिले नसेल तर मागून घ्या. कंधारच्या पोरांनी तो आयातकराचा कागद द्यायचे कबूल केले आहे. तो मोठा करून मंडपाच्या दाराशी लावू, आणि त्याच्या शेजारी ते चार हबांतले एक कोळपेही उभे करू. दोन हंगाम काळ्या मातीत चालले आहे. चाक हाताने फिरवून बघा.